जाहिरातींच्या प्लगइनचा पुढचा रस्ता कसा आखायचा?

ब्लॉग चालवणाऱ्या अनेकांना हा प्रकार ओळखीचा असेल. ब्लॉग चालवण्याचं सॉफ्टवेअर असलेल्या वर्डप्रेसच्या डॅशबोर्डवर 'नवी आवृत्ती उपलब्ध' असं दिसतं, बटण दाबलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी लक्षात येतं की लेखाच्या मधोमध येणारी जाहिरात गायब आहे. कधी एकाच जागी दोन जाहिराती येतात. कधी जाहिरातीऐवजी चौकटी कंसातली अगम्य अक्षरं दिसतात. जाहिरात दाखवणं एवढंच ज्याचं काम, ते वर्डप्रेसला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर, म्हणजे प्लगइन, सारखं बदलायचं कशाला, असा प्रश्न मग साहजिकच पडतो.

उत्तर बहुतेक वेळा प्लगइनच्या बाहेर सापडतं. ब्राउझर बनवणारे, जाहिरात कंपन्या आणि सरकारं, तिघंही आपापले नियम बदलत असतात. भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. ते टप्प्याटप्प्यानं लागू होणार आहेत, म्हणजे जाहिराती दाखवणाऱ्या ब्लॉगरला आता हा विषय टाळता येणार नाही. अशा वेळी प्लगइन लिहिणाऱ्यानं पुढच्या काही वर्षांची आखणी कशी करावी आणि वापरणाऱ्यानं ती कशी पारखावी, हे समजून घ्यायला हवं. माझ्या मते ही आखणी नव्या सुविधांच्या यादीपासून सुरू होऊ नये. काय टिकणार आहे आणि काय बदलत राहणार आहे, यांच्यामधली रेघ आधी ओढली पाहिजे.

## प्लगइन नेमकं करतं काय?

वर्डप्रेसची पहिली आवृत्ती मे २००३ मध्ये आली. गूगलची ॲडसेन्स ही सेवाही त्याच वर्षीची. ॲडसेन्समुळे छोट्या संकेतस्थळांना जाहिरातदार शोधत फिरण्याची गरज उरली नाही. कंपनीनं दिलेला चार ओळींचा कोड पानात डकवायचा, की तिच्या सर्व्हरवरून जाहिरात येते. पण हा कोड डकवायचा कुठे? थीमच्या, म्हणजे ब्लॉगचं रूप ठरवणाऱ्या साच्याच्या फायलीत हातानं घातला, तर थीम बदलली की तो गेला.

२००४ मध्ये वर्डप्रेसच्या १.२ या आवृत्तीत प्लगइनची सोय आली आणि या अडचणीला उत्तर मिळालं. वर्डप्रेसचं काम चालू असताना ठरावीक क्षणी ते बाहेरच्या कोडला आत येऊ देतं. या क्षणांना 'हुक' म्हणतात. लेखाचा मजकूर वाचकाकडे जाण्याआधी असाच एक हुक लागतो. तिथे तो मजकूर प्लगइनच्या हाती येतो, प्लगइन परिच्छेद मोजतं, समजा दुसऱ्या परिच्छेदानंतर जाहिरातीचा कोड घालतं, आणि मजकूर पुढे पाठवतं.

म्हणजे प्लगइन स्वतः जाहिरात तयार करत नाही. ती कुठे, कोणत्या लेखात, कोणत्या वाचकाला आणि किती वेळा दिसावी, हे ते ठरवतं. रस्त्याकडेचं होर्डिंग डोळ्यांसमोर आणा. लोखंडी सांगाडा वर्षानुवर्षं तोच असतो आणि त्यावरचा फ्लेक्स गणपतीत वेगळा, दिवाळीत वेगळा. प्लगइन हा सांगाडा आहे आणि जाहिरात कंपनीचा कोड हा फ्लेक्स. फ्लेक्स बदलताना सांगाडा कापावा लागला, तर सांगाडा बांधतानाच चूक झाली असं समजायचं. जाहिरातींच्या प्लगइनमध्ये ही चूक पुन्हा पुन्हा होत आली आहे.

## फ्लेक्स किती वेळा बदलला

जुन्या ॲडसेन्स कोडमध्ये जाहिरातीच्या किनारीचा, मथळ्याचा, पार्श्वभूमीचा रंग त्या कोडातच लिहिलेला असे. म्हणून प्लगइन बनवणाऱ्यांनी रंग निवडण्याचे पडदे, म्हणजे सेटिंगची पानं, बांधले. २०१३ मध्ये ॲडसेन्सचा नवा कोड आला, जो पान अडवून न धरता मागाहून जाहिरात आणतो. तोवर रंगांची निवड कोडातून निघून ॲडसेन्सच्या खात्यात गेली होती आणि ते पडदे बिनकामाचे झाले होते.

एका पानावर ॲडसेन्सच्या तीनच जाहिराती चालतील, असा नियम बरीच वर्षं होता. जबाबदार प्लगइनमध्ये त्यामुळे एक मोजणी असे: तीन झाल्या की चौथी दाखवायची नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये कंपनीनं ही मर्यादा काढली. ज्यांनी 'तीन' हा आकडा सेटिंगमध्ये ठेवला होता त्यांचं काम मिनिटाभरात झालं. ज्यांच्या कोडात तो जागोजागी विखुरलेला होता, त्यांना अख्खं प्लगइन उकरावं लागलं.

मोबाइलवर पान झटकन उघडावं म्हणून गूगलनं २०१५ मध्ये एएमपी नावाची पद्धत आणली. शोधाच्या निकालात वरची जागा मिळावी म्हणून सगळे तिच्यामागे लागले, आणि एएमपीच्या जाहिरातींचा कोड वेगळा असल्यानं प्लगइनमध्ये तो दुसरा मार्ग बांधावा लागला. जून २०२१ पासून गूगल शोधातल्या ठळक बातम्यांच्या पट्टीत येण्यासाठी एएमपीची अट उरली नाही. त्याच वर्षी ॲडसेन्सनं 'लिंक युनिट' हा जाहिरातीचा प्रकारही बंद केला.

या सगळ्यातून आखणीचा पहिला नियम निघतो. प्रत्येक जाहिरात कंपनीशी बोलणारा भाग प्लगइनमध्ये वेगळा, छोटा आणि काढून टाकता येईल असा असावा. मुख्य प्लगइनला ॲडसेन्सचं नावसुद्धा माहीत असण्याची गरज नाही. 'या जागेसाठी काय आहे?' एवढंच त्यानं विचारावं.

## कुकी जाणार, जाणार, आणि राहिली

हा धडा सगळ्यात महागात पडला तो कुकींच्या बाबतीत. कुकी म्हणजे संकेतस्थळानं तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद. तुम्ही ज्या संकेतस्थळावर आहात त्याच्याऐवजी दुसऱ्याच कंपनीनं ती ठेवली असेल, तर ती त्रयस्थ कुकी. तुम्ही एका ठिकाणी बूट पाहिलेत आणि मग तेच बूट कोकणातल्या पाककृतींच्या ब्लॉगवरही दिसू लागले, तर त्यामागे बहुधा अशी कुकी असते.

ॲपलनं सफारी ब्राउझरमध्ये मार्च २०२० पासून त्रयस्थ कुकी पूर्ण अडवल्या. गूगलनं जानेवारी २०२० मध्ये सांगितलं होतं की क्रोममधूनही त्या दोन वर्षांत जातील. मग मुदत २०२३ झाली, मग २०२४, मग २०२५. जुलै २०२४ मध्ये बेतच बदलला: कुकी काढणार नाही, वापरणाऱ्याला निवड देऊ. एप्रिल २०२५ मध्ये त्या निवडीची वेगळी खिडकीही येणार नाही असं जाहीर झालं. ऑक्टोबर २०२५ मध्ये कुकींना पर्याय म्हणून उभारलेली बहुतेक तंत्रं कंपनीनं गुंडाळायचं ठरवलं.

ज्या प्लगइननी आपलं पुढचं वर्ष त्या पर्यायी तंत्रांवर बेतलं होतं, त्यांची मेहनत वाया गेली. ज्यांनी त्याऐवजी लेखाच्या विषयानुसार जाहिरात निवडण्याची सोय सुधारली, त्यांचं काही बिघडलं नाही. पाककृतीच्या लेखाशेजारी भांड्यांची जाहिरात दाखवायला वाचकाचा माग काढावा लागत नाही. लेखाचा वर्ग आणि टॅग प्लगइनला आधीच ठाऊक असतात. एखाद्या मोठ्या कंपनीच्या घोषणेवर काम सुरू करण्यापूर्वी एकच विचारावं: ही घोषणा मागे घेतली गेली, तरी या कामाचा उपयोग राहील का?

## वाचकाचा वेळ हा सांगाड्याचा भाग आहे

मोबाइलवर तुम्ही लेख वाचताय. वाक्य अर्ध्यावर आहे तोच वरून जाहिरात उतरते, मजकूर खाली सरकतो आणि बोट भलत्याच ठिकाणी पडतं. या सरकण्याचं मोजमाप आहे, त्याला सीएलएस म्हणतात, आणि ते ०.१ किंवा त्याहून कमी असावं अशी गूगलची अपेक्षा आहे. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, ही दुसरी अपेक्षा. वाचकानं बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, ही तिसरी, मार्च २०२४ पासूनची. शोधाच्या क्रमवारीत या गोष्टी धरल्या जातात.

पान सरकतं ते जाहिरात उशिरा येते म्हणून, आणि तिच्यासाठी जागा आधी राखलेली नसते म्हणून. जागा राखणं हे सर्वस्वी प्लगइनचं काम आहे. कोणत्या ठिकाणी साधारण किती उंचीची जाहिरात येते हे त्याला ठाऊक असतं, तेव्हा तेवढी रिकामी चौकट पहिल्यापासून पानात ठेवता येते. पानाच्या तळाशी असलेली जाहिरात वाचक तिथे पोचत आल्यावरच मागवावी. या दोन गोष्टी नीट केल्या, तर वाचकाला कोणत्याही नव्या भपकेबाज सुविधेपेक्षा जास्त फरक जाणवेल.

जाहिराती किती असाव्यात यालाही आता सीमा आहे. कोअलिशन फॉर बेटर ॲड्स या उद्योगसंस्थेच्या निकषांनुसार मोबाइलवर जाहिरातींनी मुख्य मजकुराच्या उंचीचा ३० टक्क्यांहून अधिक भाग व्यापला, तर ते वाचकाला त्रासदायक मानलं जातं. वाचकाची वाट अडवणाऱ्या खिडक्या आणि आपोआप आवाजासह सुरू होणारे व्हिडिओही त्याच यादीत आहेत. निकष वारंवार मोडणाऱ्या संकेतस्थळांवरच्या जाहिराती क्रोम २०१८ पासून काही देशांत आणि जुलै २०१९ पासून जगभर अडवतं. प्लगइनला लेखाची लांबी कळते, मग 'या लेखात आणखी एक जाहिरात घातलीत तर मर्यादा ओलांडेल' एवढा इशारा ते सहज देऊ शकतं.

इथे मराठी ब्लॉगरचा प्रश्न वेगळा आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. ॲडसेन्सनं मराठीला २०१८ मध्ये पाठिंबा दिला, त्यामुळे मराठी ब्लॉगवर जाहिराती लावण्याचा मार्ग मोकळा झाला. पण वर्डप्रेस आणि त्याची प्लगइन ज्या पीएचपी भाषेत लिहिली जातात, तिच्यातली लांबी मोजण्याची जुनी पद्धत अक्षरांऐवजी बाइट मोजते, आणि देवनागरीतलं एक चिन्ह साधारणपणे तीन बाइट घेतं. काना-मात्रा-वेलांटीसुद्धा वेगळी चिन्हं म्हणून मोजली जातात. 'हजार अक्षरांहून मोठ्या लेखातच मधली जाहिरात दाखवा' असा नियम केला, तर मराठी लेख त्याच्या खऱ्या लांबीच्या तिप्पट किंवा त्याहूनही मोठा समजला जातो. छोट्याशा कवितेतही मग दोन जाहिराती घुसतात. शब्द मोजण्याची पीएचपीतली तयार सोय देवनागरी शब्द ओळखतच नाही. पुढच्या आवृत्तीच्या आखणीत 'मराठी, हिंदी, तमिळ मजकुरावर चाचणी' ही ओळ नसेल, तर ते प्लगइन आपल्यासाठी अर्धवटच राहणार.

## सगळ्यांना एकच जाहिरात का दिसते?

ही तक्रार वापरणाऱ्यांकडून हमखास येते. प्लगइनमध्ये चार जाहिराती आलटून पालटून दाखवायला सांगितल्या, तरी दिवसभर एकच दिसत राहते. कारण असतं कॅशिंग. दर वाचकासाठी पान नव्यानं तयार करण्याऐवजी सर्व्हर एकदा तयार झालेलं पान साठवून ठेवतो आणि तेच सगळ्यांना देतो. पान तयार होताना जी जाहिरात निवडली गेली, ती त्यासोबत गोठते. 'मोबाइलवरच दाखवा' असा नियम असेल, तर तोही गोठतो.

उपाय म्हणजे जाहिरातीची निवड सर्व्हरवर न करता वाचकाच्या ब्राउझरमध्ये करणं. ऐकायला सोपं आहे, पण यासाठी प्लगइनची मूळ रचना बदलावी लागते. निवडीचे नियम ब्राउझरपर्यंत पोचवावे लागतात, तेही पान जड न करता. आखणीत या कामाला मोठा वेळ राखून ठेवावा आणि ते लवकर हाती घ्यावं, कारण पुढची संमतीची सोयही याच रचनेवर उभी राहते.

## संमती: ब्लॉगरचं काम की प्लगइनचं?

युरोपचा डेटा संरक्षण कायदा मे २०१८ पासून लागू आहे. युरोपातल्या आणि ब्रिटनमधल्या वाचकांना त्यांच्या आवडीनुसार निवडलेल्या ॲडसेन्सच्या जाहिराती दाखवायच्या असतील, तर जानेवारी २०२४ पासून गूगलनं मान्य केलेली संमतीची व्यवस्था लागते. लंडन किंवा म्युनिकमधले मराठी वाचक असलेल्या पुण्यातल्या ब्लॉगलाही हे लागू होतं.

भारतीय कायद्यातल्या दोन तरतुदी प्लगइन बनवणाऱ्यानं भिंतीवर लावून ठेवाव्यात. संमती देणं जितकं सोपं, ती मागे घेणंही तितकंच सोपं असलं पाहिजे. आणि संमती मागणारा मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय हवा. मराठी त्या अनुसूचीत आहे.

यावर आक्षेप येतो की कायदा पाळणं ही संकेतस्थळ चालवणाऱ्याची जबाबदारी आहे, प्लगइननं त्यात पडू नये. जबाबदारी ब्लॉगरचीच, हे खरं. पण वाचकानं 'नको' म्हटल्यावर जाहिरात कंपनीचा कोड पानात जाऊ न देणं, हे ज्याच्या हातात आहे ते प्लगइनच आहे. प्लगइननं स्वतः कायद्याचा सल्ला देऊ नये, संमतीची खिडकीही स्वतः बांधू नये, त्यासाठी वेगळी साधनं आहेत. त्या साधनाचं उत्तर येईपर्यंत थांबणं आणि उत्तर पाळणं एवढं त्यानं चोख करावं.

## 'ऑटो ॲड्स आहेत, मग प्लगइन कशाला?'

२०१८ मध्ये ॲडसेन्सनं ऑटो ॲड्स आणल्या. पानात एकदा कोड घातला की जाहिराती कुठे लावायच्या हे कंपनी स्वतः ठरवते. अनेकांना तेवढं पुरतं, आणि त्यांनी वेगळं प्लगइन न घेतलेलंच बरं.

पण ऑटो ॲड्स एकाच कंपनीच्या असतात. गावातल्या पुस्तकविक्रेत्याची थेट जाहिरात, स्वतःच्या दिवाळी अंकाची चौकट, श्रद्धांजलीच्या लेखात जाहिरातच नको असा निर्णय, हे सगळं ब्लॉगरला स्वतः ठरवता आलं पाहिजे. आणखी एक गोष्ट. गूगलनं वर्डप्रेससाठी स्वतःचं जाहिरात प्लगइन २०१४ मध्ये चाचणी स्वरूपात आणलं होतं आणि काही वर्षांनी बंद केलं. नंतर २०१९ मध्ये साइट किट हे गूगलचंच दुसरं प्लगइन आलं. मोठ्या कंपनीचं साधन म्हणजे कायमचं साधन, असं धरून चालता येत नाही.

## 'जुनं टाकून सगळं नव्यानं का लिहीत नाहीत?'

प्रोग्रामरला हा मोह नेहमी होतो. पण वापरणाऱ्याच्या शेकडो लेखांत जुन्या प्लगइनचे शॉर्टकोड पेरलेले असतात. शॉर्टकोड म्हणजे चौकटी कंसातला छोटा शब्द, ज्याच्या जागी प्लगइन जाहिरात ठेवतं. तो शब्द ओळखणारा कोड गेला, की कंसासकट ती अक्षरं वाचकाला दिसतात. सुरुवातीला म्हटलेली अगम्य अक्षरं ती हीच.

वर्डप्रेस स्वतःही बदललं आहे. डिसेंबर २०१८ मध्ये ५.० आवृत्तीत ब्लॉक संपादक आला, ज्यात लेख ब्लॉक नावाच्या सुट्या तुकड्यांनी रचला जातो. जुलै २०२१ मध्ये ५.८ मध्ये विजेट, म्हणजे बाजूच्या पट्टीत ठेवायच्या चौकटीही ब्लॉक झाल्या. म्हणून शॉर्टकोड, विजेट आणि ब्लॉक या तिन्ही वाटा काही वर्षं तरी उघड्या ठेवाव्या लागतात. उपाय असा की तिन्ही वाटांनी आलेली विनंती आत एकाच ठिकाणी पोचावी, आणि प्रत्येक जाहिरातीचा क्रमांक कधीही बदलू नये. मग आतली यंत्रणा बदलली तरी जुने लेख मोडत नाहीत. एखादी सोय काढायचीच असेल, तर आधीच्या आवृत्तीत तसं ठळक सांगावं, पर्याय द्यावा, आणि मगच काढावी.

## पैसा आणि भरवसा

वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातली प्लगइन मुक्त परवान्याखाली असतात. कोणीही कोड पाहू शकतं, बदलू शकतं. मोफत आवृत्तीत आधी दिलेली सोय नंतर कुलूपबंद करून पैसे मागणं वापरणाऱ्याला दुखावतं. त्यापेक्षा जास्त जाहिरातदार सांभाळणाऱ्यांना लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे अहवाल, वेळापत्रक, भौगोलिक निवड, या वेगळ्या विकाव्यात, आणि जागा राखणं, संमती पाळणं, सुरक्षा या कायम मोफत ठेवाव्यात. वाचकाची सुरक्षितता विकायची वस्तू होऊ नये, यावर माझी ठाम श्रद्धा आहे.

सुरक्षेचा प्रश्न इथे जास्त गंभीर आहे, कारण जाहिरातीचं प्लगइन बाहेरचा कोड वाचकाच्या ब्राउझरमध्ये घालण्यासाठीच असतं. २०१७ मध्ये डिस्प्ले विजेट्स नावाचं, सुमारे दोन लाख संकेतस्थळांवर असलेलं प्लगइन मालकानं विकलं. नव्या मालकानं अपडेटमधून असा कोड पाठवला जो त्या संकेतस्थळांवर परस्पर स्पॅम मजकूर टाकत असे, आणि लॉगइन केलेल्या मालकाला तो दिसत नसे. अखेर ते संग्रहातून हटवावं लागलं. २०२० पासून वर्डप्रेसमध्ये प्लगइनचं आपोआप अपडेट चालू करता येतं, त्यामुळे असा कोड आज आणखी झटपट पसरू शकतो.

म्हणून आखणीत एक पान असं हवं, जे फार कमी लोक लिहितात: हे प्लगइन पुढे सांभाळणं शक्य झालं नाही तर काय? कोणाच्या हाती द्यायचं, मालक बदलल्याचं वापरणाऱ्यांना डॅशबोर्डवर कसं सांगायचं, आणि कोणीच घेतलं नाही तर शेवटच्या आवृत्तीत काय असेल. त्या शेवटच्या आवृत्तीत सगळ्या जाहिराती आणि त्यांचे नियम एका साध्या फायलीत बाहेर काढण्याचं बटण असावं, लेखांतले जुने शॉर्टकोड निमूट रिकामे होतील अशी सोय असावी, आणि नवं साधन निवडायला ब्लॉगरला पुरेसे महिने मिळावेत. ही सोय आजच्याच आवृत्तीत बांधून ठेवलेली असली, तर सर्वांत उत्तम.